दीडशे टक्के

डावीकडचा पडदा नवा.
उजवीकडचा मामेभावाने दिलेला,
म्हापशातलं त्याचं सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा.
नव्यावर सगळं दीडशे टक्के, जुन्यावर शंभर.
मधे दोन बोटं फट.
बाण ती फट ओलांडतो
आणि पलीकडे वीतभर खाली उतरतो,
ओहोटीला फेरीबोट धक्क्याला लागते तसा,
फळी तिरपी,
स्कूटरवाले दोन्ही पाय टेकून.

मी चोडणच्या खाजणाचं चित्र काढते आहे.
बांध, आणि बांधाच्या पोटात मानस.
मानस म्हणजे मन नव्हे, पाण्याचं दार :
भरती लोटते तेव्हा मिटतं,
ओहोटी ओढते तेव्हा उघडतं.
दुरुस्तीच्या अर्जाला जोडायचंय,
शुक्रवारपर्यंत.

पेनाचं टोक एकीकडे टेकतं,
रेघ दुसरीकडे उमटते.
आधी वाटलं, हात थरथरतोय.
आईचा थरथरायचा शेवटी शेवटी,
बशीत कप वाजायचा.
मग नीट पाहिलं :
चूक दर वेळी तेवढीच,
त्याच बाजूला, अगदी इमानदार.
हात असा चुकत नाही.

खिडकी ओढून उजवीकडे नेली
तर हत्यारांच्या खुणा मुंगीएवढ्या झाल्या,
परत आणली तर अक्षरं फुगली
भट्टीतल्या पोयांसारखी.
सेटिंगात जाऊन दोन्हीकडे एकशे पंचवीस केलं.
दोघंही नाराज.
बंद करून चालू करणार,
तोवर लाइटच गेली.

लाइट आली तेव्हा दारात म्हाबळू उभा.
तीस वर्षं मानशीवर.
पायांना घोट्यापर्यंत खाजण,
चपला बाहेर, चिखल आत.
त्याने एक पडदा पाहिला, मग दुसरा.
‘बाय, हातूंतली खरी मानस खंयची?’

मी म्हटलं, दोन्ही एकच.
माप आत असतं, आकड्यात.
पडदा नुसता दाखवतो.

त्याने वीत लावली.
डावीकडे दीड भरली, उजवीकडे एक.
‘आंकडो उदक आडायता?’
हसत नव्हता. खरंच विचारत होता.

मग म्हणाला, फट दाखव.
कसली फट?
दार आणि चौकट यांच्यामधली.
लाकूड पाणी पितं, फुगतं.
सुतार अंगठाभर जागा सोडतो,
नाही सोडली तर मानस एकदा मिटते
आणि पुन्हा उघडायला कुऱ्हाड लागते.
त्याच्या बापाने एकदा लावली होती कुऱ्हाड,
रात्री, छातीभर पाण्यात.
ते त्याने जास्त सांगितलं नाही.

फट मी काढली होती.
डावीकडे ती दिसत होती, केसाएवढी, पण होती.
उजवीकडे, शंभर टक्क्यांवर,
दोन रेघा मिळून एक झाल्या होत्या,
दार कायमचं मिटलेलं.
आणि कचेरीतल्या साहेबांचा पडदा
या जुन्यासारखाच असणार.

‘इतली,’ म्हणून त्याने अंगठा टेकवला.
आधी या काचेवर,
मग त्या.

तो गेल्यावर फडकं घेतलं, आणि ठेवून दिलं.
चित्र मोठं केलं, लहान केलं,
या पडद्यावरून त्या पडद्यावर नेलं.
बांध फुगला, आक्रसला,
नदी आली, गेली.
चिखलाचे दोन ठसे जागचे हलले नाहीत,
इकडे जेवढा, तिकडे तेवढाच.
पट्टी लावली : बावीस मिलिमीटर.

चित्राच्या खाली जाड अक्षरात लिहिलं,
‘फट : एक अंगठा, म्हाबळूचा.’
साहेब विचारतील, हे कुठलं एकक.
विचारू देत.

पेन अजून चुकतंच.
आता मी ते दोन बोटं वर टेकवते,
आणि रेघ
खाली, हवी तिथे पडते.